डाव्या पायाखालची माती

चेंडू आडव्या बारवरून गेला, याविषयी तोर्रेनेग्रात कुणाचाही मतभेद नाही. तो मुद्दाम घालवला गेला, याविषयीही नाही. आणि माझा वाद आहे तो इथेच. हा वाद मी वर्षानुवर्षे मनातल्या मनात लढत आलो, कारण गाउदेन्सिओकाका हयात असेतो तोंड उघडणार नाही, असा शब्द मी त्यांच्या मुलाला दिला होता. गेल्या हिवाळ्यात काका गेले. त्यांना माती देण्यासाठी मुलगा एवेलिओ उत्तरेहून आला होता. मासळी डबाबंद करण्याच्या कारखान्यात तो तिकडे काम करतो. केस पांढरे झाले आहेत, चाल मात्र अजून आघाडीच्या खेळाडूची, किंचित पुढे झुकलेली. दफनभूमीच्या दारात लोक एकेक करून त्याच्या खांद्यावर हात ठेवत होते, आणि त्या सांत्वनात आभार मिसळलेले होते. ते आभार त्याने खाली मान घालून स्वीकारले. हे पाहिल्यावर गप्प राहणे मला अशक्य झाले.

मी तोर्रेनेग्राचा गोलरक्षक होतो. आठवडाभर शाळेत इतिहास शिकवावा आणि रविवारी गोलात उभे राहावे, असा माझा क्रम होता, आणि दोन्हीकडे मला मास्तर म्हणत. त्या दुपारी एवेलिओच्या समोर मीच होतो. माझ्याइतके स्वच्छ कुणालाही दिसलेले नाही.

एवेलिओ आमच्याच गावचा. साखर कारखान्याच्या भिंतीला लागून त्यांचे घर होते. आई लहानपणीच वारली, आणि बाप मैदानाची राखण करी. गाउदेन्सिओकाका मैदानाचे सर्वस्व होते. गवत तेच कापत, चुन्याच्या रेघा तेच आखत, जाळी तेच शिवत आणि सामन्याच्या दिवशी फाटकावर तेच उभे राहत. पाहुण्या संघाला स्नानासाठी गरम पाणी आमच्याआधी मिळाले पाहिजे, हा त्यांचा नियम होता. त्यावरून आम्ही कुरकुर केली की ते म्हणत, "तुम्ही घरी जाऊन आंघोळ करा. त्यांना बसमध्ये बसायचंय."

अशा बापाचा मुलगा सतराव्या वर्षी राजधानीतल्या एका मोठ्या क्लबच्या दुय्यम संघात गेला, तेव्हा गावाने शोभेचे बाण उडवले. त्यानंतरच्या त्याच्या कारकिर्दीला कारकीर्द म्हणावे की प्रवास, हा प्रश्न मला नेहमी पडतो. मुख्य संघाच्या बाकावर तो एकदाच बसला, बसूनच राहिला. मग शेजारणीला वाटीभर साखर द्यावी तसे त्याला उसने दिले जाऊ लागले. आधी दक्षिणेकडच्या एका गावाला, जिथे मैदानावर गवताऐवजी लाल मुरूम होता. मग बेटांवर, जिथे वाऱ्यामुळे कॉर्नरचा चेंडू जमिनीवर ठरत नसे. मग तेलशुद्धीकरण कारखान्याच्या सावलीत, जिथे मोजे धुतले तरी वास जात नसे. तिसऱ्या श्रेणीत गोल केले, चौथ्या श्रेणीत गोल केले. ज्या ज्या हंगामात तो भरात आला त्या त्या हंगामात एकतर क्लबच बुडाला, नाहीतर त्याचा गुडघा. वरच्या श्रेणीतून त्याला बोलावणे असे दोनदा आले. एकदा तो इस्पितळात होता, आणि दुसऱ्यांदा बोलावणाऱ्या प्रशिक्षकाचीच आठवड्याभरात उचलबांगडी झाली.

आमच्याकडे एक रिवाज आहे. ज्या क्लबचे मीठ खाल्ले त्याच्यावर गोल केला तर खेळाडू आनंद करत नाही. दोन्ही तळवे छातीसमोर उचलून तो प्रेक्षकांकडे पाहतो, म्हणजे क्षमा मागतो, आणि मान खाली घालून आपल्या जागी परततो. कुणी तो दिखाव्यासाठी पाळतात. एवेलिओ बापाच्या शिकवणीने पाळत असे, आणि इतके क्लब फिरला होता की उतरत्या वयात आनंद करण्यासारखी मैदानेच त्याला उरली नव्हती. चौकातल्या बारची मालकीण फेलिसा त्याला टोमणा मारी, "अरे मेल्या, कधी एकदाचा नाचणार तू? की अख्खा स्पेन तुझं माहेर आहे?"

"नाचायला गेलो तर गुडघा राहील इथे आणि मी जाईन तिथे," तो म्हणे.

शेवटी तो घरी परतला आणि काही हंगाम आमच्यासाठी खेळला. ते हंगाम त्याच्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे असावेत. मग एका उन्हाळ्यात क्लबचा अध्यक्ष लादिस्लाओ, जो शाळेत एवेलिओच्या बाकावर बसत असे आणि आता फर्निचरचे दुकान चालवतो, त्याने त्याला बोलावून सांगितले की नव्या रक्ताला वाव द्यायचा आहे. एवेलिओने वाद घातला नाही. शेजारच्या वाल्देसान्तोने त्याला घेतले. वाल्देसान्तो आणि आमच्यामध्ये फक्त एक नदी आहे आणि आजोबांच्या काळापासूनचे भांडण आहे. तो राहत होता मात्र इथेच, बापाच्या घरी. सकाळी आमच्या गावची भाकरी खाई आणि संध्याकाळी त्यांच्या सरावाला जाई. त्या हंगामात त्याने पेनल्टीवरून जितके गोल केले तितके आमच्या सबंध संघाने मिळून केले नसतील. पेनल्टी त्याच्याइतकी थंडपणे मारणारा माणूस मी पाहिलेला नाही. गोलरक्षकाच्या उजवीकडे, जमिनीलगत, खांबाच्या आत वीतभर; सगळ्यांना ठाऊक असूनही अडवता येत नसे.

हंगामाचा शेवटचा सामना आमच्या मैदानावर, वाल्देसान्तोशी पडला. त्यांना वरच्या श्रेणीत चढण्याच्या लढतींत जाण्यासाठी विजय हवा होता. आम्हाला टिकून राहण्यासाठी बरोबरी पुरत होती. हरलो असतो तर खाली गेलो असतो, आणि साखर कारखाना बंद पडलेल्या गावात खाली गेलेला क्लब परत वर येत नाही, तो मिटतो.

त्या आठवड्यात एवेलिओला कुणी काही म्हणाले नाही, आणि सगळ्यांनी सगळे म्हटले. न्हाव्याने दाढी करता करता विचारले, गुडघा कसा आहे, दुखतो ना? फेलिसाने कॉफीत आपण होऊन बडीशेपेची दारू ओतली आणि म्हणाली, "रविवारी पोटबिट दुखणार असेल तर आत्ताच सांग हो. माझ्याकडे औषध आहे." शुक्रवारी तर लादिस्लाओ स्वतः खारवलेली डुकराची तंगडी काखेत मारून त्यांच्या घरी आला. मी तिथे होतो. दर शुक्रवारी मी आणि काका पत्ते खेळत असू.

"मी काही मागायला आलेलो नाही," लादिस्लाओ म्हणाला.

"मग ही तंगडी कुठे चाललीय?" काकांनी पत्त्यांवरून नजर न उचलता विचारले.

"सहज आणली, काका. मागच्या वर्षी जे झालं ते... मला मनातून बरं वाटलं नव्हतं."

"तुला बरं वाटावं म्हणून आम्ही मांस खायचं होय?"

एवेलिओ खिडकीशी उभा होता. तो म्हणाला, "बाबा, जाऊ दे ना."

"जाऊ कसं दे? नीट ऐक, लादिस्लाओ. माझा मुलगा ज्याचा सदरा घालतो त्याच्यासाठी खेळतो. रविवारी वाल्देसान्तोला पेनल्टी मिळाली तर तो मारेल आणि आत घालेल. मी फाटकात उभा राहून बघेन. क्लब बुडाला तर मी रडेन, ते माझं मी बघीन. आता ही तंगडी घेऊन जा, नाहीतर मांजर ओढील."

लादिस्लाओ गेला. काकांनी पान टाकले. एवेलिओ बापाकडे ज्या नजरेने पाहत होता ती मला अजून आठवते. उभ्या कारकिर्दीत कुठल्याही मैदानाने त्याला जे दिले नव्हते ते त्याला त्या स्वयंपाकघरात मिळाले होते.

आता मातीविषयी. पेनल्टीच्या ठिपक्याशेजारी, जिथे उजव्या पायाने मारणाऱ्याचा डावा पाय टेकतो, तिथे हंगामभरात खड्डा पडतो. तो खड्डा काका शनिवारी बुजवत: चिकणमाती आणि वाळू कालवून भरायची, पाणी शिंपायचे, धुमसाने ठोकायची. आमच्या पठारावरच्या उन्हात रविवार दुपारपर्यंत तिची वीट होई. पण त्या रविवारी सकाळी मुलांचा सामना झाला आणि पोरांनी तो खड्डा पुन्हा उकरला. दुसऱ्या कुणी तसाच सोडला असता. काकांनी सोडला नाही. सामन्याला थोडा अवकाश असताना ते घमेले घेऊन आले, खड्डा भरला, पाणी दिले, ठोकला आणि वरून कोरडी माती भुरभुरवली, म्हणजे नीट दिसेल. मी गोलात सराव करत होतो. मी म्हणालो, "काका, आज कशाला? निर्णायक सामना आहे, खड्ड्याने मेला वाल्देसान्तोचा मारणारा, तर मरू दे."

"मारणारा कुणीही असो, मास्तर," ते म्हणाले, "पायाखाली जमीन सारखी पाहिजे."

त्या दिवशी आभाळ भरलेले होते. ऊन पडले नाही.

सामन्याविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही. दोन भेदरलेले संघ एकमेकांना टाळत होते. एवेलिओने एकदा डोक्याने मारलेला चेंडू मी कसाबसा बाहेर ढकलला, तेव्हा त्याने माझी पाठ थोपटली. गोलशून्य बरोबरी चालू होती, वेळ संपत आली होती, आणि आमच्या बचावपटूच्या हाताला चेंडू लागला. पंचांनी ठिपक्याकडे बोट केले. आमच्या लोकांनी विरोधसुद्धा केला नाही. सगळे मैदान एवेलिओकडे पाहू लागले, आणि एवेलिओ फाटकाकडे. काका तिथे टोपी हातात घेऊन उभे होते.

त्याने चेंडू ठेवला. चार पावले मागे गेला. मला ठाऊक होते की तो माझ्या उजवीकडे मारणार, आणि त्याच्या नजरेत मला तेच दिसले. माझ्या आयुष्यात मी एवढा प्रामाणिक चेहरा पाहिलेला नाही. तो धावत आला, डावा पाय टेकवला, आणि वरची कोरडी पापुद्र्यासारखी माती फुटून पाय पुढे घसरला. हातभर. शरीर मागे गेले, उजवा पाय चेंडूच्या खालून लागला, आणि चेंडू बारवरून कारखान्याच्या भिंतीकडे गेला.

लांबून कुणाला काय दिसणार? तो पडला नाही. त्या वयातही त्याने तोल सावरला. लोकांना दिसले ते इतकेच, की ज्याचा चेंडू कधी वर जात नाही त्याचा वर गेला. त्यानंतर जे घडले त्याने सगळ्याचा निकाल लागला. वाल्देसान्तोच्या राखीव खेळाडूंचा बाक प्रेक्षकांच्या मुख्य सज्जाखाली होता. एवेलिओ त्यांच्याकडे वळला आणि त्याने दोन्ही तळवे छातीसमोर उचलले. तो आपल्या सोबत्यांची क्षमा मागत होता. पण वर सज्जात आमचे सगळे गाव बसले होते, आणि ही खूण त्या गावाने आयुष्यभर एकाच अर्थाने वाचली होती: ज्यांचे मीठ खाल्ले त्यांच्यावर मी हात उचलत नाही. मग जी गर्जना झाली ती नदीपलीकडे ऐकू गेली म्हणतात.

एवेलिओने खाली पाहिले. डाव्या पायाने उकरलेला ओला चर त्याच्या समोर होता. त्याने पुन्हा एकदा फाटकाकडे पाहिले. मग बुटाने, घाई न करता, ती माती लोटून चर बुजवला आणि वर पाय देऊन दाबला. मी जवळ गेलो होतो.

"घसरलास तू," मी म्हणालो. "पंचांना दाखव. सगळ्यांना दाखव."

"काय दाखवू? की तोर्रेनेग्राच्या राखणदाराने सामन्याआधी पेनल्टीची जागा मऊ केली?"

"पण त्यांनी तर..."

"तुला माहितेय, मला माहितेय. वाल्देसान्तोला सांगून बघ." त्याचा आवाज शांत होता, पण ओठ पांढरे पडले होते. "आणि त्यांचंही सोड. बाबांना कळलं तर? मास्तर, ते असेपर्यंत तू काही पाहिलेलं नाहीस. शब्द दे."

मी दिला.

सामना बरोबरीत सुटला. गावाने त्याला, विरोधी संघाच्या सदऱ्यातल्या माणसाला, खांद्यावर घेतले. तो "सोडा, सोडा" म्हणत होता आणि लोकांना तो विनय वाटत होता. वाल्देसान्तोच्या बसमधून एकाने त्याची बॅग रस्त्यावर भिरकावली. दुसरा तिच्यावर थुंकला. फेलिसाने त्या संध्याकाळी कुणालाही बिल लावले नाही, आणि त्याच्या गालाचा मुका घेऊन म्हणाली, "लेकरा, पोट दुखलं का रे तुझं?" सगळा बार हसला. एवेलिओ म्हणाला, "फेलिसा, मी खरंच मारला होता गं." आणि बार आणखी हसला. लादिस्लाओने जाहीर केले की ऑगस्टच्या जत्रेत त्याला क्लबचे सोन्याचे बोधचिन्ह देण्यात येईल, जे आजवर केवळ संस्थापकांना आणि एका बिशपला मिळाले होते.

गाउदेन्सिओकाका त्या संध्याकाळी आले नाहीत. शुक्रवारी मी पत्त्यांना गेलो तेव्हा घरात दोन माणसे दोन भाडेकरूंसारखी वावरत होती. काकांनी मसुराची आमटी वाढली, मला आणि त्यालाही, पण त्याच्याकडे पाहिले नाही. मी एवेलिओला अंगणात गाठून पुष्कळ युक्तिवाद केला. म्हणालो, सत्याने बापाला काही काळ त्रास होईल, असत्याने कायमचा होतो आहे. म्हणालो, त्यांनी केले ते सद्‌हेतूने केले, ते समजून घेतील. त्याने सगळे ऐकून घेतले.

"मास्तर, त्यांच्यापाशी काय आहे?" तो म्हणाला. "बायको नाही. मुलगा आयुष्यभर बसमध्ये. एक मैदान आहे, ते नीट राखलंय एवढंच. ते मी काढून घेऊ?"

"आणि तुझ्यापाशी काय उरतं?"

त्याने अंगणातली रिकामी बादली उचलली आणि तो आत गेला.

जत्रेच्या दोन दिवस आधी, सकाळी काकांनी मला मैदानावर बोलावले. एवेलिओ तिथे होता. गवत उन्हाने पिवळे पडले होते आणि पेनल्टीची जागा खणखणीत वाळली होती. काकांच्या पायाशी जाळीभर चेंडू होते.

"परवा हा सोनं घेणार आहे," ते मला म्हणाले. "त्याआधी मला विचारायचंय. तुझ्यासमोर विचारतो, कारण तू समोर होतास. एवेलिओ, मुद्दाम मारलास?"

"नाही, बाबा."

"मग गेला कसा?"

"चुकला. वय झालं माझं."

"मास्तर, तू काय पाहिलंस?"

"चेंडू वरून गेला, काका," मी म्हणालो.

"ते आंधळ्यानेही पाहिलं." त्यांनी एक चेंडू काढून ठिपक्यावर ठेवला. "मार. मास्तर, तू बाजूला हो. बारवरून मारायला समोर गोली लागत नाही. वय झालं असेल तर दिसेलच."

काकांना त्याचे म्हणणे खरे ठरायला हवे होते. मुलगा संपला आहे हे पाहायला ते आले होते, आणि ते पाहून त्यांना आनंद झाला असता. एवेलिओलाही हे कळले असावे. तो मागे गेला, धावत आला, डावा पाय त्या वाळलेल्या मातीवर ठाम टेकला, आणि चेंडू गोलीच्या उजवीकडे, जमिनीलगत, खांबाच्या आत वीतभर गेला.

काकांनी दुसरा ठेवला. तोही तिथेच गेला. तिसरा गेला. जाळी हलत होती आणि दर खेपेला काकांचा चेहरा थोडा थोडा मिटत होता. ते चेंडू काढायला वाकले तेव्हा मी एवेलिओजवळ सरकून हळूच म्हणालो, "एक बाहेर मार. अरे, एक तरी."

तो माझ्याकडे बघून किंचित हसला. "मुद्दाम? तेच तर मी कधी केलं नाही म्हणतोय ना, मास्तर."

आणि त्याने पुढचाही आत मारला.

चेंडू संपल्यावर काका म्हणाले, "पुरे. पाय शाबूत आहे तुझा."

"बाबा..."

"पाय शाबूत आहे. बिघडलंय ते वर आहे. मी लादिस्लाओला तोंडावर तुझ्या वतीने शब्द दिला होता." आवाज चढलेला नव्हता. "जा. सोनं घे. लोक वाट बघतायत."

एवेलिओ गेला नाही. तिथेच उभा राहिला. एवढ्या फटक्यांनी ठिपक्याशेजारी नवा खड्डा पडला होता. काकांनी कोपऱ्यातून घमेले आणले, माती आणि वाळू कालवली, गुडघ्यांवर बसून तो खड्डा भरला आणि झारीने पाणी शिंपू लागले. पुढचा सामना महिनाभर दूर होता. तरी ते मन लावून शिंपत होते, हाताने चाचपून पाहत होते, पुन्हा शिंपत होते.

"बाबा," एवेलिओ म्हणाला, "पाणी पुरे."

काकांनी मान वर केली नाही. "तू मला मैदान शिकवू नकोस," ते म्हणाले, आणि आणखी थोडे पाणी घातले.